पाच कंटेनरचं एक ॲप: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जळगावात बसून केळीच्या व्यापाऱ्यांसाठी एक ॲप चालवतो. शेतात काट्यावर वजन झालं की नोंद होते, गाडी भरली की हिशोबपट्टी निघते आणि शेतकऱ्याच्या फोनवर तिची पीडीएफ जाते. रावेर, यावल, चोपडा भागात व्यापाऱ्याच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलेल्या छोट्या पीसीवर हे सगळं चालतं. क्लाउडवर जातो तो फक्त बॅकअप. हे सगळं डॉकरवर आहे: प्रत्येक प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सामानासकट वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालतो, त्या डब्याच्या साच्याला इमेज म्हणतात, आणि एका फाइलमध्ये लिहिलेले सगळे डबे ‘कंपोज’ एकत्र उभे करतं. आत पाच कंटेनर आहेत: समोर एनजिनएक्स (बाहेरची विनंती आत पाठवणारा वेब सर्व्हर), मागे एपीआय (ॲपचा मुख्य प्रोग्राम), मग पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (मेमरीत तात्पुरता डेटा ठेवणारा) आणि पीडीएफ बनवणारा वर्कर. कॉलेजची मुलं आणि धुळे-शिरपूर-नंदुरबारकडचे आमच्यासारखेच छोटे डेव्हलपर फोन करून जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलंय. आमची कसोटी साधी आहे. लाइट गेली, दोन तासांनी आली, ऑफिसला कुलूप आहे. तरी ॲप हात न लावता उभं राहिलं पाहिजे.

एकाच कंटेनरमध्ये सगळं कोंबलं तर काय बिघडतं?

सुरुवातीला आम्हीही तेच केलं होतं. एका इमेजमध्ये पोस्टग्रेस, एपीआय, वर्कर आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला सुपरवायझर. चांगलं चाललं होतं. मग एका संध्याकाळी मुनीमजींनी आठवड्याभराच्या सगळ्या पट्ट्या एकदम काढायला लावल्या. वर्करने मेमरी खाल्ली, कंटेनर रीस्टार्ट झाला आणि सोबत डेटाबेसही खाली बसला. तिकडे शेतात काटा लागलेला, मजूर थांबलेले आणि फोनवर नोंद होईना.

वेगवेगळे केल्यावर वर्कर मेला तर पट्टी उशिरा निघते, वजन मात्र थांबत नाही. शिवाय प्रत्येकाचा लॉग (घडामोडींची नोंद) वेगळा, मेमरीची मर्यादा वेगळी, अपडेट वेगळं.

याचं दुसरं टोकही पाहिलंय. एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमध्ये लॉगिनचा कंटेनर वेगळा, ओटीपीचा वेगळा, फोटो लहान करणारा वेगळा, असे अकरा निघाले. वापरणारे चार जण. जे नेहमी बरोबरच अपडेट होतं आणि बरोबरच बंद पडलं तरी चालतं, ते एकाच कंटेनरमध्ये राहू द्या.

‘डॉकर-कंपोज’ की ‘डॉकर कंपोज’? मधल्या हायफनने काय फरक पडतो?

हायफनवालं जुनं आहे. कंपोजचा जन्म ‘फिग’ नावाच्या साधनातून झाला. डॉकरने ते २०१४ मध्ये आपल्याकडे घेतलं. जुनी आवृत्ती पायथनमध्ये होती आणि जुलै २०२३ पासून तिला अपडेट मिळत नाहीत. नवी गो भाषेत लिहिलेली आहे, डॉकरला प्लगइन म्हणून जोडली जाते आणि तिच्यात हायफन नाही. फाइलच्या डोक्यावर ‘व्हर्जन’ची ओळ लिहायची सवय असेल तर तीही सोडा, आता ती वाचलीच जात नाही, उलट इशारा छापला जातो. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत हे सगळं दिसतं म्हणून घाबरू नका, बाकीचं बरंचसं अजून लागू आहे.

‘डिपेंड्स ऑन’ लिहिलंय, तरी एपीआय ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ म्हणून का मरतो?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे. ‘डिपेंड्स ऑन’चा साधा अर्थ एवढाच, की आधी डेटाबेसचा कंटेनर सुरू कर, मग एपीआयचा. कंटेनर सुरू झाला म्हणजे पोस्टग्रेस बोलायला तयार झाला असं नाही. दुकानाचं शटर वर गेलं म्हणून गल्ला उघडलेला नसतो.

त्यावर पहिला उपाय हेल्थचेक, म्हणजे कंटेनर खरंच तयार आहे का याची ठरावीक वेळाने तपासणी. पोस्टग्रेसच्या सर्व्हिसमध्ये (कंपोज फाइलमधल्या त्याच्या नोंदीत) ‘पीजी_इजरेडी’ ही कमांड हेल्थचेक म्हणून लावा आणि एपीआयच्या ‘डिपेंड्स ऑन’मध्ये ‘सर्व्हिस_हेल्दी’ ही अट घाला. इंटर्व्हल ठरवून दिला नाही तर तपासणी ३० सेकंदांनी होते. आम्ही तो ५ सेकंदांवर ठेवतो आणि सुरुवातीच्या काळासाठी ‘स्टार्ट पीरियड’ ३० सेकंद देतो. त्या वेळेत आलेलं अपयश मोजलं जात नाही.

यात एक खाच आहे, आणि तिने आमची एक अख्खी दुपार खाल्ली. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज पहिल्यांदा, म्हणजे डेटाची जागा रिकामी असताना, सुरू होते तेव्हा ती आधी एक तात्पुरता सर्व्हर चालवते. त्यावर तुमच्या सुरुवातीच्या एसक्यूएल फाइली चालतात, मग तो बंद होतो आणि खरा सर्व्हर उठतो. तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर (आतल्या आतच चालणाऱ्या जोडणीवर) ऐकत असतो, नेटवर्कवर नाही. पण ‘पीजी_इजरेडी’ला होस्ट सांगितला नाही तर ती सॉकेटवरच विचारते आणि तात्पुरत्या सर्व्हरकडून ‘तयार आहे’ असं उत्तर घेऊन येते. एपीआय धावत जातो, आणि नेमका तेव्हाच तो सर्व्हर बंद होत असतो. म्हणून कमांडमध्ये होस्ट १२७.०.०.१ (म्हणजे स्वतःचाच नेटवर्क पत्ता) असा लिहा. खरा सर्व्हर उठेपर्यंत मग उत्तर ‘नाही’ असंच येईल.

आता लाइट जाण्याची गोष्ट. ‘डिपेंड्स ऑन’ कळतं ते कंपोजला. पीसी बंद पडून पुन्हा चालू होतो तेव्हा कंपोज कुठेच नसतं. डॉकरचा डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) ‘रीस्टार्ट’ धोरण पाहून कंटेनर उठवतो, आणि आधी कोण, मग कोण हे त्याला ठाऊक नसतं. पाचही जण एकदमच दारातून आत घुसतात. त्यामुळे तुमचा हेल्थचेक कितीही सुरेख असला तरी एपीआयच्या कोडमध्येच पुन्हा प्रयत्न करण्याची सोय हवी: जोडणी झाली नाही तर एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, आणि तीस सेकंदांच्या वर जाऊ नकोस. आम्ही प्रत्येक नवीन पीसी व्यापाऱ्याकडे नेण्याआधी सगळं चालू असताना बोर्डावरचं बटण बंद करतो. तीन वेळा. मुलं पहिल्यांदा पाहतात तेव्हा त्यांचा जीव खालीवर होतो, पण सावद्याला जाऊन हाच धक्का खाण्यापेक्षा इथे खाल्लेला बरा.

‘रीस्टार्ट’ला कोणता पर्याय द्यावा?

‘अनलेस-स्टॉप्ड’, म्हणजे आपण हाताने बंद केला नसेल तर पुन्हा उठव. काहीच लिहिलं नाही तर पर्याय ‘नो’ असतो आणि लाइट आल्यावर कोणीच उठत नाही. मायग्रेशनसारखं (डेटाबेसची रचना बदलणारं) एकदाच चालणारं काम मात्र ‘नो’वरच ठेवा, नाहीतर ते गोल गोल फिरत राहील.

लॅपटॉपवर लोकलहोस्टने डेटाबेस जोडला जातो, कंटेनरमधून का नाही?

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. प्रत्येकाचं घर वेगळं. एपीआयने स्वतःच्याच घरात पोस्टग्रेस शोधला तर सापडणार कसा? कंपोज सगळ्यांना एका नेटवर्कवर ठेवतं आणि सर्व्हिसचं नाव हाच पत्ता होतो. फाइलमध्ये सर्व्हिसचं नाव ‘डीबी’ असेल तर होस्ट ‘डीबी’. नाव शोधून देणारा डॉकरचा स्वतःचा डीएनएस आत १२७.०.०.११ वर असतो.

पोर्टही (जोडणीच्या दाराचा क्रमांक) आतला वापरायचा. बाहेर ५४३३ वरून आत ५४३२ असं जोडलं असेल तर एपीआयसाठी ५४३२ च. बाहेरचा आकडा बाहेरच्यांसाठी. आयपी पत्ता मात्र कोडमध्ये कधीच लिहू नका, कंटेनर नव्याने बनला की तो बदलू शकतो.

फायरवॉलमध्ये पोर्ट बंद केलाय, तरी बाहेरून डेटाबेस दिसतोय. असं कसं?

यूएफडब्ल्यूवर (लिनक्सवरच्या सोप्या फायरवॉलवर) भरवसा ठेवणाऱ्यांची इथेच फसगत होते. ‘पोर्ट्स’मध्ये ५४३२:५४३२ लिहिलं की डॉकर तो पोर्ट मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो आणि त्यासाठी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मुळातल्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो. ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच वळवली जाते. यूएफडब्ल्यू ‘बंद’ दाखवत राहतं आणि दार सताड उघडं.

खरं म्हणजे डेटाबेस आणि रेडिसला ‘पोर्ट्स’ची गरजच नाही. आतल्या आत ते आपसांत बोलतातच. बाहेर दिसायला हवा तो एकटा एनजिनएक्स. स्वतःला डेटाबेस पाहायचा असेल तर १२७.०.०.१:५४३२:५४३२ असं लिहा आणि एसएसएचच्या (सुरक्षित दूरजोडणीच्या) बोगद्यातून या. पासवर्ड सोपा, पोर्ट उघडा आणि मशीन क्लाउडवर, अशा तिन्ही गोष्टी जुळून आलेला एक सर्व्हर आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. त्यात टेबलं उरली नव्हती, खंडणीची एक चिठ्ठी तेवढी होती. त्याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कंटेनर डिलीट केला तर डेटा जातो का?

व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर डॉकरने सांभाळलेली डेटाची जागा, नीट लावला असेल तर नाही. डेटा नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये ठेवा. कंटेनर येतील-जातील, व्हॉल्यूम राहतो. ‘डॉकर कंपोज डाउन’ने सगळे कंटेनर काढून टाकल्यावरही तो शाबूत असतो.

‘डाउन’ला ‘-व्ही’ जोडला की व्हॉल्यूमही पुसला जातो. विचारतही नाही. इंटरनेटवर ‘सगळं साफ करून पुन्हा सुरू करा’ म्हणून ही कमांड सर्रास सुचवलेली दिसते. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर ती ठीकच असेल. तुमच्या व्यापाऱ्याच्या पीसीवर तिच्यासोबत अख्खा कांदेबाग केळीचा हंगाम जाईल. आम्ही यावर शहाणपणाचा तोडगा काढलाय: खऱ्या मशीनवर व्हॉल्यूम ‘एक्स्टर्नल’ म्हणून जाहीर करतो. तो कंपोजच्या बाहेर हाताने बनवलेला असतो, त्यामुळे कंपोज त्याला हात लावत नाही.

आणखी एक. व्हॉल्यूम चुकीच्या वाटेवर लावला तर सगळं चालतं, तक्रार कोणाचीच नसते, आणि कंटेनर बदलल्यावर डेटाबेस रिकामा निघतो. पोस्टग्रेस १८ च्या इमेजपासून ही वाट बदलली आहे, व्हॉल्यूम आता एक पायरी वरच्या डिरेक्टरीवर लावायचा. जुनी फाइल कॉपी करून आवृत्ती तेवढी वाढवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

व्हॉल्यूम आहे म्हटल्यावर बॅकअपची काय गरज?

व्हॉल्यूम त्याच डिस्कवर असतो. डिस्क मेली की तोही मेला. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पीसी टेबलाखाली, पंखा केळीच्या पानांच्या धुळीने भरलेला. डिस्कचं आयुष्य तिथे कागदावर लिहिल्याएवढं नसतं.

चालू डेटाबेसच्या फाइली सरळ कॉपी करून बॅकअप होत नाही, मधल्या लिखाणात त्या अर्धवट पकडल्या जातात. ‘पीजी_डंप’ वापरा: रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून) ‘डॉकर कंपोज एक्झेक’ला ‘-टी’ लावून पोस्टग्रेसच्याच कंटेनरमध्ये ती कमांड चालवा आणि निघालेली फाइल बाहेर पाठवा. ‘-टी’ विसरलात तर हाताने चालवलेली कमांड चालते आणि क्रॉनमधली पडू शकते, कारण क्रॉनला टर्मिनल नसतं. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करून कालची एक पट्टी काढून बघा. आमचा सुरुवातीचा बॅकअप तीन आठवडे शून्य बाइटचा निघत होता. फाइल रोज बनत होती, तारीखही बरोबर होती.

पहाटेच्या पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख का येते?

हा प्रश्न केळीवाल्यांकडूनच येतो, कारण त्यांची गाडी रात्री भरते. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत कंटेनरच्या मते अजून काल असतो. पहाटे तीनला भरलेल्या गाडीची पट्टी कालच्या तारखेने आणि कालच्या भावाने निघाली, शेतकरी ऑफिसात येऊन बसला. भाव त्या रात्री वाढला होता, म्हणजे भांडण फुकटचं नव्हतं.

सगळ्या कंटेनरना ‘टीझेड’ व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता द्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. अल्पाइनवर (एका छोट्या लिनक्सवर) बांधलेल्या इमेजमध्ये बऱ्याचदा टाइमझोनची माहितीच नसते, ‘टीझेडडेटा’ वेगळं टाकावं लागतं. ते नसेल तर सेटिंग गुपचूप दुर्लक्षित होतं. डेटाबेसमध्ये वेळ टाइमझोनसकट साठवा आणि ‘व्यापाराचा दिवस’ ही वेगळी तारीख ठेवा, जी ॲप भारतीय वेळेने ठरवेल. रात्रीच्या गाडीचा दिवस कोणता धरायचा हे व्यापाऱ्याला विचारा. आमच्या दोन ग्राहकांची उत्तरं वेगळी आली.

पीडीएफमध्ये शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोन येतात. लॅपटॉपवर तर बरोबर दिसतं.

लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट आहेत, कंटेनरमधल्या छाटलेल्या इमेजमध्ये एकही नाही. वर्करच्या डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट टाका. चौकोन जाऊन अक्षरं आली, पण ‘किशोर’ची वेलांटी उजवीकडे गेली आणि ‘ज्ञानेश्वर’ फुटला, तर दोष फॉन्टचा नाही. तुमची पीडीएफ लायब्ररी जोडाक्षरं जुळवत नाही. आम्ही शेवटी एचटीएमएल बनवून हेडलेस क्रोमियमकडून (खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरकडून) पीडीएफ काढतो. इमेज लठ्ठ होते, नावं मात्र नीट येतात. शेतकऱ्याचं नाव मोडून दाखवणाऱ्या पट्टीवर तो विश्वास तरी का ठेवेल?

पासवर्ड कुठे ठेवायचा?

गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) नाही, इमेजमध्ये नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कंटेनरला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) ठेवला तर ‘डॉकर इन्स्पेक्ट’ करणाऱ्या कोणालाही दिसतो. लहान ठिकाणी हे खपून जातं, पण कंपोजची ‘सीक्रेट्स’ची सोय वापरायला कष्ट नाहीत: पासवर्ड एका फाइलमध्ये, ती फाइल कंटेनरमध्ये ‘रन/सीक्रेट्स’ खाली दिसते, आणि पोस्टग्रेसच्या इमेजला ‘पोस्टग्रेस_पासवर्ड_फाइल’ने तिचा पत्ता द्यायचा.

दोन नेहमीच्या अडचणी. पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल तर कंपोज त्याला व्हेरिएबल समजतं. कंपोज फाइलमध्ये दोन डॉलर लिहावे लागतात. ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ चालवलं की कंपोजने नेमकं काय वाचलं ते समोर येतं. दुसरी, फाइलमधला पासवर्ड बदलला तरी जुनाच चालतो. बरोबर आहे, तो पासवर्ड फक्त पहिल्यांदा, रिकाम्या डेटावर वापरला जातो. नंतर बदलायचा असेल तर डेटाबेसमध्ये जाऊन बदला.

गावातलं नेट रडत-खडत चालतं. इमेज पोचवायची कशी?

आधी इमेज बारीक करा. मल्टी-स्टेज बिल्ड २०१७ पासून आहे: पहिल्या टप्प्यात कंपायलर आणि सगळा पसारा, दुसऱ्यात तयार माल तेवढा उचलून घ्यायचा. इमेजमध्ये काय घ्यायचं नाही ते सांगणारी ‘डॉकरइग्नोर’ फाइल लिहा. आमच्या एका पोराच्या इमेजमध्ये गिटचा सगळा इतिहास, नोड मॉड्यूल्स आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले होते, फोल्डर तेच होतं म्हणून.

मग थरांचा क्रम, कारण इमेज एकावर एक थरांनी बनते. अवलंबित पॅकेजांची यादी आधी कॉपी करा, ती इन्स्टॉल करा आणि आपला कोड शेवटी. कोड रोज बदलतो, यादी महिन्यातून एकदा. उलटं केलं तर एका ओळीच्या बदलासाठी शेकडो एमबीचा थर पुन्हा बनतो आणि पुन्हा उतरवावा लागतो. क्रम बरोबर असेल तर अपडेटला बहुतेक वेळा दोन-चार एमबीच जातात.

आणि नेट अगदीच बसलं असेल तर ‘डॉकर सेव्ह’ने इमेजची फाइल बनवा, पेन ड्राइव्हवर टाका, एसटीने निघा, तिकडे ‘डॉकर लोड’. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ऑफिसात आम्ही अजूनही असंच करतो. लाज वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

‘लेटेस्ट’ टॅग वापरला तर?

आज चालेल. ‘लेटेस्ट’ म्हणजे सगळ्यात नवीन आणि उत्तम असं काही नसतं, ते नुसतं एक नाव आहे, ज्याचा अर्थ उद्या बदलू शकतो. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा नवीन सर्व्हर उघडतच नाही. ‘ही डिरेक्टरी जुन्या आवृत्तीची आहे’ म्हणतो आणि बंद होतो. तेव्हा डंप काढून नव्यात भरणं किंवा ‘पीजी_अपग्रेड’ हाच रस्ता. आवृत्ती आकड्यात लिहा.

जागा वाचवायला पोस्टग्रेसची इमेज डेबियनवरून अल्पाइनवर नेऊ नका, निदान आहे त्या डेटावर नको. दोन्हींत मजकुराचा क्रम लावणारी लायब्ररी वेगळी आहे. नावांवरचा इंडेक्स जुन्या क्रमाने बनलेला, शोध नव्या क्रमाने, आणि समोर असलेला शेतकरी सापडत नाही. ‘रीइंडेक्स’ केल्यावर सुटतं, पण कारण सुचेपर्यंत माणूस वेडा होतो.

कंटेनर १३७ दाखवून बंद पडतो. हा आकडा कसला?

१२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे सरळ ठार. बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) मारलेलं असतं. ‘इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएम-किल्ड’ खरं दिसलं की खात्री. प्रत्येक कंटेनरला मेमरीची मर्यादा द्या. आमच्या ८ जीबीच्या पीसीवर सगळ्यात करकचून बांधलेला आहे तो वर्कर, कारण क्रोमियम. पोस्टग्रेसची मर्यादा सैल ठेवलीय.

पोस्टग्रेसने ‘शेअर्ड मेमरी’ वाढवता येत नाही अशी तक्रार केली तर ती वेगळी गोष्ट. कंटेनरला त्यासाठी फक्त ६४ एमबी मिळतात. वर्षभराचा मोठा अहवाल काढताना तेवढे पुरत नाहीत. ‘एसएचएम_साइज’ २५६ एमबी करा.

डिस्क भरली, पण डेटा तर एवढासा आहे.

लॉग. डॉकरची नेहमीची लॉग लिहिण्याची पद्धत स्वतःहून जुनं काही पुसत नाही, फाइल वाढतच जाते. ‘मॅक्स-साइज’ १० एमबी आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ असं लिहा. हे नव्याने बनलेल्या कंटेनरलाच लागू होतं, चालू असलेल्याला नाही. बाकी जागा जुन्या इमेजनी खाल्लेली असते. ‘डॉकर सिस्टम डीएफ’ने पाहा, मग ‘इमेज प्रून’ (छाटणी). व्हॉल्यूमचं प्रून करायला हात शिवशिवले तर आधी चहा घेऊन या.

बंद करताना प्रत्येक वेळी बरोबर दहा सेकंद का लागतात?

तुमचा प्रोग्राम ‘थांब’ ऐकत नाहीये. डॉकर आधी सिगटर्म (‘थांब’ सांगणारा सिग्नल) पाठवतो, १० सेकंद वाट पाहतो आणि मग ठार करतो. डॉकरफाइलमधली शेवटची कमांड साध्या वाक्यासारखी लिहिली असेल तर ती शेलमधून (कमांड चालवणाऱ्या मधल्या प्रोग्राममधून) चालते, आणि शेल तो निरोप पुढे पोचवत नाही. कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. तरीही नाही जमलं तर कंपोज फाइलमध्ये ‘इनिट: ट्रू’ लिहा. वर्कर अर्धी पट्टी बनवत असताना मारला गेला तर शेतकऱ्याला अर्धी पीडीएफ जाते, म्हणून आम्ही वर्करला ‘स्टॉप ग्रेस पीरियड’ एक मिनिटाचा दिलाय.

कंपोज फाइल बदलली, ‘रीस्टार्ट’ केलं, बदल दिसत नाही.

‘रीस्टार्ट’ तोच जुना कंटेनर बंद-चालू करतो. बदल हवा तर ‘डॉकर कंपोज अप -डी’.

विंडोजच्या ८ जीबी लॅपटॉपवर शिकता येईल का?

येईल. कोड डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) आत ठेवा, सी ड्राइव्हवर नाही, तिथून वाचताना फार रेंगाळतं. डॉकर डेस्कटॉप विद्यार्थ्यांना आणि लहान कंपन्यांना फुकट आहे. २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असेल तर पैसे. खान्देशातल्या किती जणांना ही अट लागेल ते तुम्हीच सांगा. हॉस्टेलच्या वायफायवर इमेज उतरवताना मर्यादा संपल्याचा संदेश आला, तर डॉकर हबवर (इमेजच्या ऑनलाइन साठ्यावर) खातं उघडून लॉगिन करा. निनावी उतरवणाऱ्यांची मर्यादा आयपीवर मोजतात, आणि तुमचा आयपी सगळं हॉस्टेल वापरतंय.

मग कुबरनेटीस कधी?

कुबरनेटीस अनेक मशीनवर पसरलेले कंटेनर सांभाळतं, म्हणून एका मशीनवर कधीच नाही. मशीन अनेक, माणसं अनेक आणि एक मशीन गेलं तरी काम थांबता कामा नये, असं झालं की बोलू. मुलाखतीसाठी शिकायचं तर जरूर शिका, व्यापाऱ्याच्या पीसीवर लावू नका.

रात्री फोन आला, ‘ॲप बंद आहे, काय व्हयनं भाऊ?’ तर आधी काय पाहायचं?

आधी विचारा, लाइट आहे का. हसू नका, निम्म्या वेळा इथेच संपतं. मग डिस्क: ‘डीएफ -एच’. भरली असेल तर बाकी काही पाहण्यात अर्थ नाही, पोस्टग्रेस लिहूच शकणार नाही. मग ‘डॉकर कंपोज पीएस -ए’. ‘-ए’ नसेल तर मेलेले कंटेनर यादीत दिसत नाहीत. जो मेलाय त्याचा बंद होतानाचा आकडा (१३७ सारखा) वाचा आणि त्याचाच लॉग काढा, शेवटच्या पंधरा मिनिटांचा, ‘सिन्स १५एम’ देऊन. सगळे उभे असतील आणि तरी ॲप बंद असेल तर एपीआयच्या कंटेनरमधून ‘डीबी’ हे नाव सापडतंय का ते बघा.

हे सगळं व्यापाऱ्याच्या पोराला फोनवर सांगता येईल अशा शब्दांत एका कागदावर लिहून पीसीच्या बाजूला चिकटवलंय. सावद्याच्या ऑफिसात त्या कागदाखाली कोणीतरी पेनाने जोडलंय: ‘आधी काट्याची वायर बघा.’